डावं रीळ, उजवं रीळ

त्या वर्षी आमच्या गावात, मोनोंगाहेलाच्या काठी,
भट्ट्या तिन्ही पाळ्यांत धगधगत होत्या
आणि थिएटर मात्र ओस.
लोक घरीच बसून टीचभर काचेत
कुस्त्या बघत.
मालक डुरकोट म्हणाले, आता एकच उपाय उरलाय,
पडद्यातली माणसं बाहेर काढायची.

म्हणून पडद्याला ॲल्युमिनियमचा रंग दिला.
मी तेरा वर्षांची, शिडी धरून उभी.
आठवडाभर केसांतून चंदेरी भुकटी निघत होती.

वरच्या खोलीत दोन यंत्रं,
एक डाव्या डोळ्याचं, एक उजव्या डोळ्याचं,
आणि दोहोंच्या मध्ये ओंद्रेय हुडाक,
ज्याचा डावा डोळा पोलादाच्या ठिणगीनं
केव्हाच नेला होता.
तो डोळ्यात तेल घालून बसायचा, एकाच डोळ्यात,
आणि एका चौकटीच्या फरकाकडेही
काणाडोळा करायचा नाही.

डावं रीळ तुटलं की तो सांधायचा,
वाया गेलेल्या चौकटी मोजायचा : चार.
मग उजव्या रिळातल्याही चार,
धडधाकट, काहीच बिघडलेलं नसलेल्या,
कात्रीनं कापून टाकायचा.
मी हळहळले तर म्हणाला,
एकाचं गेलं की दुसऱ्यानंही सोडायचं, मार्गिता,
नाहीतर लोकांची डोकी दुखतात.
कापलेले तुकडे तंबाखूच्या डब्यात. टाकवत नव्हते त्याला.

माझं काम दाराशी. खेळ सुटला की
पुठ्ठ्याचे चष्मे परत घ्यायचे,
घामाचे, लोण्याच्या बोटांचे,
फडक्यानं पुसून पुढच्या खेळासाठी रचायचे.
पहिल्या महिन्यात रांग खाटकाच्या दुकानापर्यंत गेली.
पेटता ओंडका अंगावर आला तेव्हा
भट्टीवरची दणकट माणसं
खुर्चीखाली घुसली, आणि मग
एकमेकांकडे बघून कितीतरी वेळ हसत राहिली.
घरी एकट्यानं खुर्चीखाली कोण घुसतं?

रात्री ओंद्रेय जिना उतरून यायचा, विचारायचा,
आज कुठवर आलं?
मी सांगायची, तिसरी रांग.
कधी पाचवी.
एकदा उगीचच म्हटलं, दारापर्यंत, माझ्या हाताला लागलं.
तो मान हलवत राहिला,
स्वतः रांधून उपाशी निजणाऱ्यासारखा.

आईला मी ओढूनच नेलं.
बाबा गेल्यापासून ती सिनेमाला फिरकली नव्हती.
ओंडका आला. ती वाकली नाही.
बघते तर चष्मा मांडीवर,
आणि ती उघड्या डोळ्यांनी बघत होती
तो धुरकट, हललेला पडदा,
जिथं प्रत्येक माणसाच्या अंगाला लागून
त्याच्यासारखाच आणखी एक.
चष्मा लाव ना, मी कुजबुजले.
असू दे, ती म्हणाली. कुणी एकटं नाहीये इथं.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सगळं ओसरलं.
कुठल्याशा खेळाला रिळं एका चौकटीनं सरकली,
लोक कपाळ दाबत बाहेर पडले,
त्यातले बरेच परत आले नाहीत.
ओंद्रेयनं ती चूक कधी स्वतःला माफ केली नाही.
चष्म्यांची खोकी जिन्याखाली गेली,
तिथं उंदरांनी पुठ्ठा खाल्ला, काचा ठेवल्या.

परवा नातवानं मला मॉलमध्ये नेलं.
चष्मा प्लास्टिकच्या पाकिटात, वर तीन डॉलर जास्तीचे.
कुणी वाकलं नाही. मासे अंगावरून गेले
आणि शेजारचा मुलगा फोन चाळत होता.
मी डावा डोळा मिटून घेतला.
समुद्र एकदम सपाट झाला, भिंतीवरच्या कॅलेंडरासारखा.
म्हणजे त्याला हे असं दिसत होतं, रोज, तीन खेळ.

पडद्याचा तो रंग काही निघाला नाही.
नंतर नऊ वर्षं साधेच सिनेमे त्याच्यावर चालले,
मध्यभागी डोळे दिपवणारा झगझगाट
आणि कडेला बसलेल्यांना नुसता संधिप्रकाश.
डुरकोट कडेची तिकिटं पाच सेंट स्वस्त देत.
आई दर शनिवारी यायची,
कडेलाच बसायची.