पोहरा

जूनमध्ये पुन्ता अरेनासला साडेपाचलाच अंधार पडतो,
त्यामुळे तो नेमका कधी बंद पडला, सांगता येत नाही.
निबाल्दो म्हणतो, आज दुपारी.
मी परवा रात्रीच कोठीत बटाटे आणायला गेले होते,
तेव्हाच तो हिरवा दिवा लुकलुकत नव्हता.
बोलले नाही. वाटलं, झोपला असेल.

काळा डबा, पावाच्या दोन लाद्यांएवढा.
पोटात चार डिस्क, आणि पाठीला खोचलेला
नखाएवढा पेन ड्राइव्ह,
लोकरीच्या गोदामात नाताळला फुकट वाटलेला,
वर मेंढीचं चित्र.
सगळा कारभार त्या मेंढीच्या डोक्यात होता
हे मला सहा वर्षांनी कळलं,
ती मेल्यावर.

पडद्यावर एकच ओळ:
सुरू होण्याजोगं काही सापडलं नाही.
निबाल्दोनं ती मोठ्यानं वाचली
आणि स्टुलावर बसला तो बसलाच.

आत काय होतं?
आमचे फोटो, बरेचसे हललेले.
वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक.
आणि बंबवाल्यांच्या एकोणीस वह्या.
ठाण्याच्या तळघरात पाणी शिरलं त्या हिवाळ्यात
यानं एकेक ओलं पान टीपकागदात दाबून
फोटो काढून ठेवलेलं:
कोण कुठल्या आगीला गेला, किती वाजता परतला.
वह्या पुढे बुरशीनं खाल्ल्या.

येर्को फोनवर म्हणाला, काका, डिस्कना हात लावू नका.
डबा स्वतःला विसरलाय, सामानाला नाही.
नवा पेन ड्राइव्ह घ्या, सिस्टम नव्यानं चढवा,
मग त्याला सांगा, हे चौघे तुझेच.
सेटिंगची प्रत आहे ना तुमच्याकडे?
होती.
त्याच चार डिस्कवर.
मग बराच वेळ फोनमध्ये नुसता वारा,
इथला की तिथला कोण जाणे.

दुसऱ्या रात्री डबा उठला, कोरा, पाहुण्यासारखा.
तिघांना ओळखलं. चौथा दिसेना.
निबाल्दोनं छातीवर हात ठेवला, मी झाकणात घातला:
केबल सैल होती. माझ्याच झाडूनं, बहुधा.
चारही आले. आणि मग त्यानं परवलीचे शब्द मागितले.

ते मी लिहून ठेवलेले. कुठे, तेही आठवलं:
मुरंब्याच्या बरणीवर, चिठ्ठीला खाली जागा होती म्हणून.
आणि ती बरणी इस्टरला यास्नाला दिलेली.

रात्री अकराला, दोरखंड धरावेत तशी कुंपणं धरत
मी तिच्या दारात.
तिनं बरणी धुऊन बटणं भरली होती.
चिठ्ठी मात्र तशीच. म्हणाली, काढवेना,
मला वाटलं तुझी प्रार्थना आहे काहीतरी:
कालाफाते, मार्च.
मेंढी दिवा सोमवार होडी मीठ उशी.

बटणांसकट घेऊन आले.
निबाल्दोनं एका बोटानं एकेक शब्द टाइप केला,
मी मागून वाचत होते, सोमवारवर अडखळले.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, म्हणतात.
आमचा आड काठोकाठ होता,
पोहराच तेवढा फुटलेला.

आधी चुकून वॉशिंग मशीनच उघडलं.
मग सातवी वही, पान बावन्न,
गोदीतली आग, त्याच्या मामाचं नाव,
गेल्याची वेळ दोन वाजून दहा,
परतल्याच्या रकान्यात काही नाही.
निबाल्दो त्या रिकाम्या चौकोनाला
पडद्यावर बोट लावून म्हणाला,
आहे.

आता पेन ड्राइव्ह दोन आहेत, एक साखरेच्या डब्यात.
शब्द कागदावर, कागद यास्नाकडे,
कारण आमच्या घरात काय राहतं ते दिसलंच.
तिची बटणं पिशवीत घालून दिली
आणि बरणी भरून.