साल

इस्बेलनं बरणी आणली ती मार्चात,
वाऱ्यामुळे फेरीबोट तीन दिवस बंद होती त्या आठवड्यात.
"उंदरांवर करून पाहिलंय," ती कोट न काढताच म्हणाली,
"उंदीर चालायला लागले."
कुठे गेले चालत, मी विचारलं.
ती हसली नाही.

तेव्हापासून रोज सकाळी अर्धा चमचा, ओटच्या लापशीत.
दालचिनी म्हणजे झाडाची साल,
याचा मी कधी विचारच केला नव्हता:
कुणीतरी दूर, उकाड्याच्या देशात
ओल्या फांदीवरून सुरी फिरवतं,
साल सुटते आणि वाळता वाळता
स्वतःलाच गुंडाळून घेते.
आमच्या ऑर्कनीत झाडं नाहीत, म्हणण्याजोगी.
साल म्हणजे काय, ते मला
ॲबर्डीनच्या डॉक्टरनं शिकवलं.
पडद्यावर माझा मेंदू, त्यात पांढरे ठिपके.
"मज्जातंतूंवरचं आवरण," तो म्हणाला, "सोललं जातंय."
कोण सोलतंय?
"तुम्हीच," तो म्हणाला. अगदी अदबीनं.

मान खाली घातली की
पाठीतून वीज उतरते, थेट टाचेपर्यंत.
म्हणून चर्चमध्ये मी आता ताठ मानेनं प्रार्थना करते.
लोकांना वाटतं, गर्व.
उजव्या डोळ्याला दालचिनी तांबूस दिसते,
डाव्याला राखेसारखी.
एकेक डोळा झाकून मी चमचा बघते
आणि दोन्ही खाते,
तांबूसही, राखही.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात.
एर्लेंड खेकड्यांचे पिंजरे टाकायला जातो,
बुडणं त्याला माहीत आहे.
त्याच्या भावाला काडीही सापडली नव्हती.
म्हणून असेल, बरणी पाहून तो काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या वाडग्यातही
अर्धा चमचा घालायला लागला,
गोड वास न चालणारा माणूस,
नाक मुरडत, तळापर्यंत.

जूनमध्ये नर्स कर्स्टी म्हणाली,
"खा हवं तर, पण इंजेक्शन चुकवायचं नाही.
आणि यकृत तपासून घे मधूनमधून,
ही स्वस्तातली दालचिनी फार झाली की बाधते."
मग पेन थांबवून: "फरक पडतोय?"
मी म्हटलं, स्वयंपाकघराला वास छान येतो.
तिनं तेही लिहून घेतलं की काय, कोण जाणे.

ऑगस्टात कात्री शोधताना
हाती लागलं भरती-ओहोटीचं पुस्तक.
समासात पेन्सिलीनं, एर्लेंडच्या ठोकळ अक्षरात, आकडे.
पाण्याचे नव्हते.
दारातून फाटकाकडे, न थांबता टाकलेली
माझी पावलं होती ती.
एकेचाळीस. एकेचाळीस. अडतीस.
चव्वेचाळीस, खाली दोन रेघा.
मग सव्वीस, आणि शेजारी एक शब्द: वारा.
एकोणीस. वारा.
बारा. वारा.

तो बाराचा दिवस मला आठवत होता.
धुराड्यातून धूर सरळ वर चढत होता,
दोरीवरची चादर निपचित,
बंदरातलं पाणी ताटात वाढून ठेवल्यासारखं.
आणि इथे जन्मलेला माणूस
वाऱ्याच्या बाबतीत चुकत नाही.

पुस्तक मी होतं तिथेच ठेवलं.
कात्री काही सापडली नाही.

आता बरणीचा तळ दिसतो,
आणि हे सालही सरत आलं.
बरी झाले नाही.
दालचिनी नसती तर किती वाईट असते, ते कळायला
दुसरी मी हवी, दालचिनी न खाणारी,
शेजारच्या पिंजऱ्यात.
सामानाच्या यादीत लिहिते:
पाव, साबण, चाळीसचा बल्ब,
दालचिनी.
शेवटचा शब्द ओळ सोडून खाली घसरतो.

एर्लेंड यादी हातात घेतो, नको इतका वेळ बघतो.
"वारा," मी म्हणते.
खिडक्या सगळ्या बंद आहेत.
"असेल," तो म्हणतो,
आणि बूट शोधायला लागतो.