रुमालाखाली

रात्री साडेनऊला जिनगोंडा आण्णांचा फोन.
"आमच्या नावाच्या शेजारी कुणीतरी
'सुरक्षित नाही' असं लिवलंय.
तेवढं पुसून टाक."

वखारभागातली माझी खोली, दोन मॉनिटर,
आणि खालच्या गोदामातून जिना चढून येणारा
हळदीचा वास, कीबोर्डच्या फटींत मुरलेला.
कुणी लिहिलं नाही आण्णा, म्हटलं,
ब्राउझरच म्हणतो तसं.
तुमचं पान पोस्टकार्डासारखं उघडं जातंय,
वाटेतल्या कुणीही वाचावं.
"चाळीस वर्षं यार्डात उभा हाय मी.
ह्यो ब्राउझर कुठला?"

होस्टिंगच्या पॅनेलमध्ये शिरले.
किल्ल्यांची जोडी केली:
एक चारचौघांत वाटायची,
एक कुणालाच द्यायची नाही.
नाव आपलंच आहे हे पटवायला
दाराशी चिठ्ठी ठेवली.
ते येऊन वाचून गेले, चहाही न घेता.
प्रमाणपत्र आलं.
जुन्या दारावर पाटी लावली, पलीकडून या.
तरी कुलूप उमटेना.

पाऊण तास गेला. मग सापडला
पहिल्या पानावरचा फोटो:
आण्णांचे वडील, हरिपूरच्या पेवाच्या तोंडाशी,
हातात कंदील.
आधी कंदील सोडायचा आत.
विझला, तर माणसानं उतरायचं नाही.
सगळं पान नव्या वाटेनं येत होतं,
हा एकटा म्हातारा अजून जुन्या.
त्याच्या पत्त्यात एक अक्षर घातलं, एस.
कुलूप आलं.

सकाळी आण्णा स्वतःच जिना चढून हजर.
"किल्ली कुणाकडं?"
सर्व्हरवर.
"त्यो कुठं?"
भाड्याचा आहे. मुंबईत असावा.
"भाड्याच्या खोलीत तिजोरी," म्हणाले,
आणि बराच वेळ काहीच नाही.

मग खांद्यावरचा रुमाल काढून
माझ्या हातावर टाकला.
खालून चार बोटं दाबली, मग अख्खा पंजा.
"भोवती पन्नास माणसं उभी.
सौदा चाललाय, समद्यांना दिसतंय.
भाव मात्र दोन हातांनाच ठावं.
असंच न्हवं का?"
असंच, म्हटलं.
मला इतकं नीट सांगता आलं नसतं.

"आणि ते प्रमाणपत्रवाले,
त्यांनी आपली हळद बघितली?"
नाही आण्णा. फक्त नाव बघितलं.
"म्हंजे भेसळवाल्यालाबी देत्यात."
देतात.
त्यांना हे आवडलं असावं. हसले.
"बरं हाय की. हळद आमची आमीच राखायची."

नव्वद दिवसांनी ते नवं करावं लागतं,
आपोआप होतं, काळजी नको, मी सांगत होते,
तोवर त्यांनी खिशातली वही काढून
आडतीच्या हिशेबाखाली लिहिलंसुद्धा:
कुलूप. नव्वद दिवस.
आणि त्याखाली, जरा थांबून, माझा नंबर.

ते गेल्यावर पाहिलं,
एंटरच्या बटणावर
माझंच बोट, पिवळं.