उलटा आठ

इतवारीच्या भांडे ओळीत दुपारी कुत्रंही फिरत नाही.
मे महिना. नागपूरचं ऊन शटरच्या फटीतून आत सरकत होतं.
कूलरच्या तोंडाशी बसून मी
परातीच्या काठावर एका नवरीचं नाव कोरत होते,
तेव्हा किंखेडे वकील आले,
काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट.
"तुझे बाबा कामठीला आर्मोरर होते ना?"
होते. एकतीस वर्षं.

चादर उघडली. थ्री-नॉट-थ्री.
नळी बुजवलेली, कागदपत्रं सोबत,
आणि किंमत अशी, की तेवढ्यात माझं दुकान,
शेजारचं दुकान आणि मधला पिंपळ आला असता.
"सगळे नंबर जुळतात. विकणारा म्हणतो,
कारखान्यातून निघाली तश्शी आहे.
तू फक्त एकदा पाहून दे."

मी भिंग डोळ्याला लावलं.

बाबा म्हणायचे, आकडा वाचू नको,
आकड्याची कड वाच.
ठोकलेला आकडा लोखंडाला बाजूला सारतो,
काठाला वरंबा उठतो, बोटाला लागतो.
मशीनच्या पेनचा नुसता खरवडतो.
हे त्यांनी सांगायची गरज नव्हती,
रोज पन्नास डब्यांवर मी तेच करते.

बोल्टवरचा नंबर ठोकलेलाच होता.
पण सहाही आकडे पंगतीला बसवल्यासारखे सरळ.
हातानं ठोकणारा माणूस तिसऱ्या आकड्याला खोकतो,
पाचव्याला त्याला कुणीतरी हाक मारतं.
इथे कुणी खोकलं नव्हतं.
पट्टी आडवी धरली, खालून उजेड आला:
जागा खोल गेलेली, आधीचं काही घासलेलं.
रंग बाकी अंगावरून उडालेला,
आकड्यांच्या पोटात मात्र काजळासारखा ताजा.
आणि तपासनिसाचा मुकुट
उन्हात राहिलेल्या संत्रा बर्फीसारखा. कडाच नाहीत.

मग पुढचं लाकूड सोडवलं.
आतल्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही,
तेलानं काळ्या पडलेल्या अक्रोडात
वेगळाच नंबर.
त्यात एक आठ, डोक्यावर उभा.
मोठं पोट वर, लहान खाली.

माझ्या बारशाच्या वाटीवर तारीख आहे, तिथेही असाच.
आई म्हणायची, उलटा ठोकलात.
ते म्हणायचे, सुलटा तर कुणीही ठोकेल.

वकील वाकले. "खोटा हाच ना?"
"नाही. एवढाच खरा."
त्यांना कळेना. जे जुळतंय ते जुळवलेलं आहे, म्हटलं.
कुठल्यातरी वर्षी कुठल्यातरी रायफलचं लाकूड फुटलं,
बाबांनी नवं बसवलं, तिचा नंबर घातला.
ती रायफल कुठे गेली कोण जाणे.
लाकूड इथवर आलं.

त्यांनी मान पुसली. मग हळू आवाजात,
"तेवढा एक घासून... पंच असतीलच तुझ्याकडं."
आहेत. साबणाच्या डब्यात, शून्य ते आठ.
नऊ नाही, सहाच फिरवून धरायचा.
मी स्क्रू परत बसवले.
"बघायचे दोनशे झाले," म्हटलं.

ते गेले. चादरीचा एक कोपरा
रस्त्यावर घासत गेला.

चारच्या सुमारास एक बाई आली,
पदरानं धरलेला पितळी डबा, उन्हानं तापलेला.
"यावरचं सासूचं खोडून माझं टाकून देता का वो?"
मी अंगठा फिरवला.
वरंबा होता. सौ. भागीरथी,
'थी' जरा खाली घसरलेली.
किती घ्याल, ती विचारत होती.
घासायचे वेगळे, कोरायचे वेगळे,
रोज सांगते तसं सांगितलं,
आणि भिंग शोधू लागले.
ते डोळ्यालाच होतं.