झोप, चार सेकंद

हानुस गेला तेव्हा कप नेला नाही,
कोपरे झिजलेला लोकरी स्वेटरही हुकावरच.
मला मिळाली त्याची एक फाइल,
नावाआधी टिंब असलेली, म्हणजे यादीत न दिसणारी,
अकरा वर्षं ओळीओळीनं वाढत गेलेली.

टोर्शाव्हनच्या धक्क्यावर आमची कचेरी.
खाली तिकिटं, वर आम्ही दोघं. आता मी.
बोटींची वेळापत्रकं, गाड्यांच्या जागा,
आणि वादळ उठलं की रद्द फेऱ्यांचे निरोप.

वाचायला घेतली तर नुसत्या चुका.
'गिट'मधला आय गळाला तरी गिटच समज.
'मेक'मधला के राहिला तरी मेकच.
असे एकोणीस पांगळे शब्द
त्यानं पदरात घेतले होते.
मला वाटलं, आळस.
मग कीबोर्डवर हात ठेवून पाहिला
आणि लक्षात आलं:
आय आणि के, दोन्ही उजव्या मधल्या बोटाच्या वाट्याचे.
ते बोट त्याच्या सोळाव्या वर्षी
मासळीच्या कारखान्यात, पट्ट्याखाली गेलेलं.

फाइल कसली, हातमोजा होता तो,
नऊ बोटांचा.
मी दहा बोटांची बाई, तो घालून बसले.
तीन आठवड्यांत माझंही बोट
के विसरायला लागलं.

बाकी मजेशीर होतं सगळं.
खऱ्या सर्व्हरवर पाऊल पडलं की पडदा लाल.
शुक्रवारी तीननंतर काही पाठवू पाहिलं
की उत्तर यायचं, 'सोमवार कुठे पळून जातोय?'
आणि दार बंद.

एक स्क्रिप्ट मात्र सकाळची, आठ वाजून पाचला.
कालचे हिशेब गोळा कर. नोंदी पडताळ.
मग: झोप, चार सेकंद.
मग पुढचं.
शेजारी शेरा: 'काढू नका. हा.'

मी काढलं.
काही मोडलं नाही.
पुन्हा चालवलं, दहादा चालवलं,
कुठलं जुनं, दम लागणारं यंत्र
पलीकडे वाट पाहत असेल म्हणून
तारांच्या टोकापर्यंत जाऊन आले.
कोणीही नव्हतं.

फोन केला. तो सान्दॉयला, बहिणीकडे,
मेंढ्या मोजत असावा. रिसीव्हरभर वारा.
'काय मोडलं, रानव्हा?'
'काहीच नाही. म्हणून तर.'
तो हसला, मग खोकला.
'उद्या आठ पाचला खिडकीशी उभी राहा.
दोन गोदामांमध्ये फट आहे.
नोल्सॉयची बोट तिथून जाते.
मोजून चार सेकंद दिसते.'

'मग काम चालू ठेवून बघायचं ना.'

'मटण वाळवायच्या खोपीला
फळ्यांमध्ये फटी का सोडतात?'
'वाऱ्यासाठी.'
'मला वाटलं, लाकूड कमी पडलं म्हणशील.'

बोटीवर कोण असायचं,
ते त्यानं सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.
मेंढ्या ओरडत होत्या, त्या तो पुन्हा मोजणार होता.

ओळ परत घातली.
दुसऱ्या दिवशी आठ पाचला धुकं,
गोदामंसुद्धा नव्हती, फट कुठली?
तरी उभी राहिले.
एक, दोन.
यंत्र झोपलेलं, पंखा तेवढा घरघरत होता.
तीनच्या आसपास
कुठेतरी भोंगा वाजला,
आमच्याच बोटीचा की दुसऱ्या कुणाच्या,
सांगता येणार नाही.
मग पडद्यावर आकडे सरकले,
एका मोटारीची नोंद दोनदा झालेली, ती सोडवली,
चहा निवला.

संध्याकाळी त्याच्या शेऱ्याखाली
मी माझा जोडला:
'का ते विचारायचं असेल तर
सकाळी या. रा.'
टाइप करताना एक के गळाला.
तसाच राहू दिला.