बारास एक

डलूथमध्ये शनिवार. सरोवरावरचा वारा
ताणलेली टेप वाकवतो.
हाल्वरसन म्हणतात, पुन्हा मोज.
एक इंच चढ, बारा इंच वाट:
परीक्षेत हे दोनदा बरोबर लिहिलंय,
गुडघे टेकून आज पहिल्यांदा.

ते स्वतः तीनदा नापास.
खिळे दातांत धरून सांगतात,
हवामान सांगावं तसं.

चारच्या सुमारास ओडेगार्डबाई
चाकांची खुर्ची आपणच रेटत
उतारावरून खाली आल्या,
फाटकाशी थांबून टपालपेटी उघडली.
आत नुसतं विजेचं बिल.
सात महिन्यांनी
स्वतःच्या हातानं काढलेलं.
उघडलं नाही, मांडीवर ठेवलं.

परवान्यासाठीच्या तासांचा तक्ता मी पुढे केला.
हे कुठल्या रकान्यात?

सुताराच्या जाड पेन्सिलीनं सही करून म्हणाले,
रकाना तू शोध.
आधी करवत गाडीत ठेव,
भिजेल.