घसारा

नवतपाच्या चौथ्या रात्री मानेवाड्यात खांबावरचा न्यूट्रल तुटला
आणि चारशे व्होल्ट न विचारता घरात शिरले.
आधी कूलर विमानासारखा ओरडला.
मग टीव्ही, मग फ्रिज,
शेवटी म्युझिक सिस्टीम: निळ्या दिव्यानं एकदा डोळे मोठे केले
आणि गेली.
जळका वास तीन दिवस उशीत होता.

सर्वेअर खोब्रागडे आले, बूट बाहेर काढून.
चांगला माणूस. माठातलं पाणी दोनदा प्याले.
"बिलं आहेत?"
मी बत्तीस वर्षं पाणीकराच्या खिडकीत बसून
येईल त्याला हाच प्रश्न विचारला.
तेव्हा समोरच्याचा चेहरा कसा होत असेल
ते त्या दिवशी कपाटाच्या आरशात पाहिलं.

सापडली बिलं, लग्नपत्रिकांच्या पिशवीत.
खोब्रागडे प्रत्येक वस्तूचं वय विचारत गेले
आणि वयाप्रमाणे कापत गेले.
फ्रिज बारा. टीव्ही सात.
"घसारा," ते म्हणाले, जरा ओशाळून.
हे सोफ्यावर बसले होते, वय एकोणसत्तर.
म्हणाले, "माझा नका काढू आता."

जळलेला माल कंपनीचा, तसं कागदातच होतं.
टेम्पो आला. मी सही केली.
खात्यात अठरा हजार चारशे बारा आले.
त्यात नव्या फ्रिजचं दार आलं असतं.

म्हणून शनिवारी.
या शहरानं इतवारी, बुधवारी, मंगळवारी
असे वार जागच्या जागी रोवून ठेवलेत,
त्यातला शनिवार जुन्याचा.
कॉटन मार्केटच्या बाजूला ताडपत्रीवर
रिमोटांचा ढीग, एकाचाही टीव्ही जवळपास नाही.
फ्रिज घेतला: दारावर कुणाच्या तरी लेकीची
चुंबकाची बाराखडी, ळ आणि क्ष नसलेली.
टीव्ही घेतला: लावला की आधी तेलुगू बोलतो,
मग सावरतो.

आणि नेवारेंच्या गाळ्यात, वरच्या फळीवर
माझी म्युझिक सिस्टीम.
ओळखायला काय लागतं?
आवाजाचं बटन दोन हजार नऊ साली हरवलं,
तिथं ह्यांनी बसवलेलं
टूथपेस्टचं लाल झाकण.

"पक्की चालते, बाई. नवीन आयसी टाकला.
एका हाताची आहे, घरंदाज लोकांची.
नाही चालली त वापस आणजा."
"किती?"
"चौदाशे."
खोब्रागडेंनी सहाशे धरले होते.
मला आधी हसू आलं, मग दुसरंच काहीतरी,
ते गिळलं.
माझी आहे, असं म्हणायला तोंड उघडलं.
पण नेवारे विचारणारच ना, बिल?
आणि बिल मी दाव्याला जोडलं होतं. मूळ प्रत.

तेवढ्यात एक पोरगा आला, केसांत लसणाची सालं.
त्याला ठेल्यासाठी ओरडणारं काहीतरी पाहिजे होतं.
"माहा गळा बसला बाप्पा, दिवसभर बोंबलून."
त्यानं बाराशेवर आणली. मग माझ्याकडे वळला.
"तुमी घेता का, मावशी?"
माझ्या पर्समध्ये तेराशे होते.

"नाही रे. पण ऐक.
चालू करताना बटन दाबून धरजो, तीन मोजेपर्यंत.
आणि डावा स्पीकर खरखरला
त वरून एक चापट. हळू."

नेवारेंनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं.
मग लाल झाकण रुमालानं पुसलं
आणि सिस्टीम त्या पोराच्या हातात दिली.

घरी काही सांगितलं नाही.
आता दुपारी गल्लीत कोणताही ठेला आला
की मी नळ बंद करून उभी राहते.
लसूण, अद्रक, लसूणवाला आला हो...
सगळेच खरखरतात, त्यामुळे कळत नाही.
परवा हे म्हणाले,
"एवढा लसूण कशाला घेते?"